फुटलेली अक्षरं

हेमचंद्र सरांनी कॉम्प्युटरवर जुना टेबलक्लॉथ घालून ठेवला, तेव्हाच सुचित्राबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

भिंगारच्या त्या घरात गेले काही महिने सकाळ व्हायची तीच मुळी कॉम्प्युटर सुरू झाल्याच्या आवाजानं. सर नगरच्या शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या एका जुन्या तुकडीनं स्नेहमेळावा ठरवला होता आणि त्या निमित्तानं स्मरणिका काढायची होती. संपादक आपले सरच, असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलं. पोरं म्हणजे तरी कसली, चाळिशी ओलांडलेली, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस गेलेले. लेख ईमेलनं येत. सर ते डाउनलोड करत, अक्षर इतकं मोठं करत की स्क्रीनवर एका वेळी जेमतेम चार-पाच शब्द मावत, आणि नाक स्क्रीनला टेकवून ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसत.

कारण डोळे. दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज निघाली होती. नगरच्या दवाखान्यात अधूनमधून डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. आधी पेपर सुटला. "काही नसतं हल्ली पेपरात," असं म्हणून सरांनी तो बंदच केला. मग ग्रंथालयातली पुस्तकं सुटली. उरलं होतं ते कॉम्प्युटरवरचं हे मोठं केलेलं अक्षर. जन्मभर फळ्यावर अक्षर गिरवलेल्या माणसाला तेवढं एक बोट धरायला राहिलं होतं.

आणि आता त्यावर टेबलक्लॉथ.

"काम संपलं का स्मरणिकेचं?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"होईल. घाई काय आहे?" सर म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

दोन-तीन दिवस असेच गेले. सर जेवत होते, रेडिओ ऐकत होते, विचारलं त्याचं उत्तर देत होते. पण ताकास तूर लागू देत नव्हते. तेवढ्यात अजिनाथचा फोन आला. अजिनाथ त्या तुकडीतला. पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगारांचा मुलगा, आता राहात्याकडच्या एका शुगर फॅक्टरीत काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन होतं तिथं, नोकरीला. त्यानं सरांना फोन केला होता, सरांनी उचलला नाही. म्हणून बाईंना केला.

"काकू, सर बरे हायेत ना?"

"बरे आहेत रे. का?"

"न्हाई, मी लेख पाठवला हुता. सर दुसऱ्या दिवशी फोन करून चुका सांगत्यात सगळ्यांना. मला काहीच बोलले न्हाईत." त्यानं आवाज खाली आणला. "लई वाईट लिव्हलाय का? पहिल्यांदाच लिव्हलं काहीतरी."

"अरे, तसं काही नसेल. विचारते मी त्यांना."

विचारलं तर सर म्हणाले, "बघतो." पण बघितलं नाही.

त्याच दिवशी बाईंना आणखी एक गोष्ट दिसली. साखरेच्या डब्याला कुणीतरी रबर लावलं होतं. एकसारख्या डब्यांच्या रांगेत साखरेला एक रबर, चहाच्या डब्याला दोन. घरात माणसं दोनच. बाईंनी रबर काढलं नाही आणि काही विचारलंही नाही.

दुपारी त्या ज्वारी दळायला गिरणीत गेल्या. गिरणीचा पट्टा तुटला होता, म्हणून डबा तिथंच ठेवून लगेच माघारी आल्या. दार लोटलेलंच होतं. चपला काढून आत आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थबकल्या.

सर ओट्यापाशी उभे होते. चहा करत होते. त्यात नवल काहीच नव्हतं. दुपारचा चहा तेच करत. पण त्यांचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते. डाव्या हाताचं बोट त्यांनी भांड्याच्या आत धरलं होतं, पाणी कुठवर आलं ते कळावं म्हणून. मग त्यांनी हात पुढं केला, डबे चाचपले, दोन रबरांचा डबा काढला, झाकण उघडून वास घेतला, चमचाभर पत्ती भांड्यात टाकली. थोडी ओट्यावर सांडली. ती त्यांनी तळहातानं अंदाजानं गोळा केली. लायटर सापडेना. हात जरा वेळ हवेतच फिरत राहिला.

 बाईंच्या हातातली सुट्या पैशांची पिशवी खुळखुळली.

"कोण? सुचित्रा?" सरांनी डोळे उघडले नाहीत.

"मीच. डोळ्यात काही गेलं का?"

"नाही."

"मग?"

"सवय करतोय," सर म्हणाले.

बाईंनी पुढं होऊन गॅस पेटवला. चहा उकळल्यावर त्यांनीच तो गाळला. कप घेऊन बाहेरच्या खोलीत आले, तेव्हा सरांनी डोळे उघडले होते, पण बाईंकडे न बघता ते खिडकीकडे बघत होते. रस्त्यावरून छावणीकडे लष्कराच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. शेवटची गाडी गेल्यावर ते म्हणाले,

"अक्षर गेलं गं."

"म्हणजे?"

"अजिनाथचा लेख उघडला, तर अक्षरंच दिसेनात. चौकोन दिसतात. काळे ठिपके, आडव्यातिडव्या रेघा, एकात एक अडकलेलं काहीतरी. आधी वाटलं, त्याची फाईल खराब आली असेल. म्हणून माझंच संपादकीय उघडलं. मी स्वतः लिहिलेलं, तोंडपाठ असलेलं. तेही तसंच. मोठं करून बघितलं, जवळ जाऊन बघितलं. सगळं फुटलेलं." त्यांनी कप खाली ठेवला. "डॉक्टर म्हणालेच होते ना, आधी अक्षरं वाकडी दिसतील, मग तुटतील. तू दिसतेस. दार दिसतं. पण वाचणं संपलं. आज ना उद्या बाकीचंही जाईल. मग आत्तापासून सवय केलेली बरी."

"आणि मला नाही सांगायचं?"

"सांगून काय झालं असतं? तुझे गुडघे काय कमी आहेत?"

बाईंना रडू आलं नाही, राग आला. जवळजवळ चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस भाजीतलं मीठ कमी झालं तर सांगतो, आणि हे सांगत नाही! पण त्या रागावरही त्यांनी चहाचा घोट घेतला. मग उठल्या आणि टेबलक्लॉथ ओढून काढला.

"मला दाखवा."

"काय दाखवू?"

"काय दिसतं ते."

"वेडी आहेस का? माझे डोळे लावून बघणार आहेस?"

"डोळे राहू द्या. स्क्रीन तर दाखवा."

सर कुरकुरतच खुर्चीवर बसले. बाईंनी शेजारी स्टूल ओढलं. या यंत्राच्या इतक्या जवळ त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या. ते घरात आलं तेव्हा धूळ पुसताना त्यांच्या हातून एक बटण दाबलं गेलं होतं आणि सर ओरडले होते, "हात नको लावूस, जाईल सगळं!" तेव्हापासून त्या त्याच्यावरची धूळसुद्धा लांबूनच झटकत. मोबाईल त्यांना छान यायचा; हे मात्र सरांचं राज्य.

सरांच्या हाताला सगळं ठाऊक होतं. माऊस फिरला, दोनदा टकटक झालं, पांढरी खिडकी उघडली. सरांनी मान दुसरीकडे वळवली.

बाईंनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत चौकोन होते. ठिपके होते. कुठं उलटं प्रश्नचिन्ह, कुठं डोक्यावर टिंब असलेलं परकं अक्षर, कुठं नुसत्या रेघा. एखाद्यानं छापखान्यातले टाइपाचे खिळे मूठभर उचलून जमिनीवर फेकावेत तसं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मलाही तसंच दिसतंय."

सर हलले नाहीत.

"ऐकलंत का? मलाही चौकोनच दिसताहेत."

"सुचित्रा, अशी समजूत काढू नकोस." सरांचा आवाज एकदम कोरडा झाला. "मी काही लहान मूल नाही."

"समजूत नाही काढत. खरंच."

"पुरे."

नवरा ऐकणार नाही, हे बाईंना कळलं. अशा वेळी शपथा घेऊन उपयोग नसतो. त्यांनी कमरेचा मोबाईल काढला, स्क्रीनचा फोटो घेतला आणि अजिनाथला पाठवून दिला. खाली लिहिलं: हा तुझा लेख. तुला काय दिसतं?

जरा वेळानं त्याचाच फोन आला. बाईंनी स्पीकर लावला. मागून ट्रॅक्टरचा धडधडाट येत होता.

"काकू, ही काय कीडमुंगी पाठवली? मी तर मराठीत लिव्हलं हुतं!"

"तुलाही चौकोनच दिसताहेत ना?"

"व्हय, चौकोनच. आन् कायबाय टिंबं. माझ्याकडं तर नीट दिसतंय की लेख. सरांनी वाचलाच न्हाई म्हणा की मग!" आणि त्याला एवढं हायसं वाटलं, की तो ट्रॅक्टरच्या वरताण मोठ्यानं हसला.

फोन बंद झाला. सर तसेच बसून होते. त्यांचा हात टेबलावर होता. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला आणि नुसता ठेवून दिला. सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"तीन रात्री झोपलो नाही गं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. मीही जागीच होते."

मग बऱ्याच वेळानं सरांनी नाक ओढलं, पाठ ताठ केली, आणि वर्गात शिरताना लागायचा तो त्यांचा आवाज परत आला.

"खिडकीच्या अगदी वर, डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय? वाच."

"अजिनाथ लेख... मग एक टिंब, मग काहीतरी इंग्रजी... आणि शेवटी नोटपॅड."

"नोटपॅड!" सरांनी कपाळावर हात मारला. "अगं, ही वर्डची फाईल. ती नोटपॅडमध्ये उघडतेय. म्हणजे मराठी पत्र नेऊन कानडी माणसापुढं वाचायला ठेवल्यासारखं झालं. पत्रात काही खोट नाही, वाचणारा भलताच. म्हणून माझं संपादकीयही तसंच दिसलं! सगळ्याच फाईली त्या बाबाकडं जाताहेत."

"पण गेल्या कशा?"

सरांनी जरा आठवून बघितलं. "त्या दिवशी एक चौकट आली होती मधेच. ही फाईल कशात उघडू, असंच काहीतरी विचारत असणार. मला ते बारीक अक्षर वाचता आलं नाही. म्हटलं, असेल काहीतरी नेहमीचं. दाबली दोन-चार बटणं अंदाजानं."

बाईंनी स्टूल आणखी पुढं ओढलं. "आता नीट कसं करायचं ते सांगा. मी दाबते."

"तू?"

"मग कोण? बारीक अक्षर मलाच वाचता येतंय ना?"

मग त्या खोलीत जो वर्ग भरला, तो कुणी ऐकला असता तर हसून लोळला असता. सर सांगत होते, आधी ही खिडकी बंद कर. बाई भलतीच खिडकी बंद करत होत्या. फाईलच्या नावावर बाण ने, म्हटलं, तर माऊस टेबलाच्या कडेशी जाऊन अडला.

"माऊस उचल आणि अलीकडे ठेव."

"उचलला तर चालतो?"

"चालतो. आता उजवं बटण दाब. उजवं! डावं दाबलंस तू."

"ओरडू नका. मी काही तुमच्या आठवीतली मुलगी नाही."

"बरं, बाई. उजवं दाबा."

यादी उघडली. बाई एकेक ओळ अक्षर लावत वाचू लागल्या. ओपन, प्रिंट, एडिट...

"ओपन विथ आहे का?"

"आहे. त्याच्यापुढं बाण आहे."

"त्यावर ने. आता दुसरं ॲप निवडा, अशा अर्थाचं काहीतरी असेल."

"चूझ अनदर ॲप."

"तेच. दाब."

चौकट आली. हीच ती चौकट. सरांनी खुर्ची मागं सरकवली, जणू काही ती चावणार होती. बाईंनी शांतपणे नावं वाचली आणि वर्डवर आणून बाण ठेवला.

"खाली एक छोटा चौकोन आहे. ऑलवेज असं लिहिलंय पुढं. नेहमी यातच उघडा, असंच ना? त्यात खूण करू?"

"कर. मागच्या वेळी तीच खूण मी नोटपॅडच्या नावानं करून बसलो असणार."

बाईंनी खूण केली आणि ओके दाबलं. पांढरी खिडकी उघडली, एक निळी पट्टी आली, आणि मग...

"आलं," बाई म्हणाल्या.

"काय आलं?"

"मराठी."

सरांनी पुढं वाकून अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं. मान किंचित वाकडी करून, डाव्या डोळ्याच्या कडेनं, मूल पहिलं पुस्तक वाचतं तसं ते वाचू लागले. "आ... ई... चा... प... त्ता." थांबले. पुन्हा वाचलं. "आईचा पत्ता." तेवढ्यानंच ते दमले, पण त्यांचा चेहरा बघून बाईंना वाटलं, आज गिरणीचा पट्टा तुटला ते बरंच झालं.

"पुढचं तू वाच," सर म्हणाले.

हे ते पहिल्यांदाच म्हणत होते.

बाई वाचू लागल्या. अजिनाथनं लिहिलं होतं:

'मी बोर्डींगात राहात होतो. दसरा झाला की आई-बाप ऊस तोडायला जायचे ते पाडव्याला यायचे. तवर आई कुठं हाय हे मला ठाऊक नसायचं. सर भूगोलाच्या तासाला मला नकाशापुढं उभं करायचे आणि म्हणायचे, अजिनाथ, तुझ्या आई, कडूबाई, आज कुठं आहेत, बोट ठेव. एका वर्षी मला कारखान्याचं नुसतं नाव माहित होतं, गाव माहित नव्हतं. सरांनी विचार करून बोट ठेवलं. मी रोज झोपताना त्या दिशेला तोंड करून झोपायचो. पाडव्याला आई आली तेव्हा कळलं की ती तिकडं गेलीच नव्हती. ती पार उलट्या अंगाला होती. मला लई हसू आलं. पण वाईट नाही वाटलं. मी तोंड करून झोपलो ते तिला पोचलंच असणार.'

लेख तिथं संपला.

"उलट्या अंगाला?" सर म्हणाले. "मी भूगोलाचा मास्तर, आणि उलट्या अंगाला?"

"असू द्या हो."

"आणि बोर्डिंगला पहिली वेलांटी. माहीतला दुसरी."

"त्या करते नीट, तुम्ही दाखवा कशा करायच्या ते. बाकी एका शब्दाला हात लावू नका."

सरांनी वाद घातला नाही. त्यांनी अजिनाथला फोन लावला. अजिनाथनं पहिल्या घंटीलाच उचलला.

"लेख वाचला," सर म्हणाले. "अरे, माझी दिशा चुकली होती, तर तेव्हाच सांगायचं नाहीस का?"

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज हळूहळू लांब गेला. मग अजिनाथ म्हणाला, "सर, तुमी इच्यारत हुता, तेच लई हुतं. बाकी कुणी इच्यारत नव्हतं."

फोन ठेवल्यावर सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. उन्हं उतरली होती. बाई तिथंच बसून माऊस नुसताच इकडंतिकडं फिरवून बघत होत्या.

"सुचित्रा," सर म्हणाले, "अक्षरं फुटली ती डोळ्यांमुळं नाही, हे खरं. पण ती चौकट मला वाचता आली नाही, हेही खरंच आहे ना?"

"हो. तेही खरंच आहे."

"उजव्या डोळ्यानं मला आता काहीच वाचता येत नाही. दिवाळीपासून. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. तक्त्यावरची अक्षरं पाठ झाली होती, ती म्हणून दाखवत होतो."

बाई उठल्या. त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "मग उद्याच जाऊ," एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरांना चांगलंच फैलावर घेतलं. पाठ केलेली अक्षरं म्हणून दाखवणारा पेशंट आपण पहिल्यांदाच बघतोय, असं त्या म्हणाल्या. उजव्या डोळ्याला उशीर झाला होता. तिथं फारशी आशा नव्हती. डावा मात्र होता तिथंच टिकून होता, आणि इंजेक्शनं न चुकवता घेतली तर बरीच वर्षं टिकेल असं त्यांना वाटत होतं. मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅमही असतो, तो कॉम्प्युटरवर घाला, असं त्यांनी सुचवलं. सर म्हणाले, "घालू. पण वाचायला माणूस आहे आमच्याकडे."

बाहेर आले तेव्हा ऊन होतं. सरांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, वर काळा चष्मा; सगळं धुरकट. माळीवाड्याच्या बाजूला रिक्षाची वाट बघत दोघं उभी राहिली. सरांनी बाईंचा दंड धरला होता.

"अगं, समोर ते कोण उभे आहेत? आप्पासाहेब वाटतात. हात करू का?"

बाईंनी बघितलं.

"करा की. पण तो विजेचा खांब आहे."

सरांनी मान पुढं काढून खांबाकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. "बरं झालं विचारलं," ते हसत म्हणाले. "एरवी हात केला असता."

"केलाच होतात गेल्या महिन्यात," बाई म्हणाल्या. "ख्यालीखुशालीसुद्धा विचारलीत. मीच काही बोलले नाही."

"तू बघितलंस? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोलत होतात?"

रिक्षा येऊन थांबली. आधी बाई आत बसल्या, मग त्यांनी हात दिला, आणि सर तो धरून, डोकं सांभाळत, हसतच आत शिरले.